अ‍ॅनिमेशनच्या प्रवेशासाठी चित्रांची फाइल

कापडबाजारात गिऱ्हाईक थान उघडण्याआधी नमुन्याचे पुस्तक पाहते. अ‍ॅनिमेशन शिकविणाऱ्या संस्थाही उमेदवाराचे कसब असेच पारखतात. या नमुन्याच्या पुस्तकाला पोर्टफोलिओ म्हणतात. आपल्या कित्येक मुलामुलींचा हात चांगला असतो, पण फाइल कशी मांडावी हे सांगणारे घरात कोणी नसते आणि वर्ष वाया जाते. म्हणून ही माहिती देत आहोत.

पवईच्या आय.आय.टी.तील आय.डी.सी. संस्थेत पदवीसाठी ‘यूसीड’ ही परीक्षा आहे, तिला फाइल लागत नाही. पदव्युत्तर शिक्षणासाठी ‘सीड’ परीक्षा असून पुढे मुलाखतीत केलेले काम दाखवावे लागते. अमेरिकेतील कॅलआर्ट्ससारख्या संस्था अर्जासोबतच फाइल मागवितात.

फाइलमध्ये काय असावे? सिनेमाच्या एका सेकंदात २४ चौकटी असतात. म्हणजे हे काम मुळात हालचालीचे आहे. त्यासाठी डोळ्यांसमोरच्या माणसांची व जनावरांची अर्ध्या ते दोन मिनिटांत काढलेली रेखाटने हवीत. मालेगाव-भिवंडीच्या मुलांना यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणारा कारागीर आणि गाठ उचलणारा हमाल रोज दिसतो. त्याच्या कमरेचा बाक आणि पायावर आलेला भार कागदावर उतरवावा. सोबत हातांचे अभ्यास, एकच पात्र समोरून, बाजूने व पाठीमागून, आणि सहा-आठ चौकटींत सांगितलेली एखादी छोटी गोष्ट ठेवावी. रोजची कच्ची वहीही जोडावी. विचार कसा चालतो ते तिच्यात दिसते.

काय नसावे? प्रसिद्ध कार्टूनची नक्कल आणि फोटोवरून गिरविलेली चित्रे. नकली माल पारख्याच्या नजरेतून सुटत नाही. चौघांनी मिळून केलेले काम असेल तर आपला वाटा कोणता, ते इमानदारीने लिहावे.

चित्रे थोडी पण निवडक ठेवावीत. उत्तम चित्र आरंभी, तितकेच दमदार शेवटी. संख्या व आकार प्रत्येक संस्थेच्या त्या वर्षीच्या सूचनेप्रमाणेच असावा.

पालकांना आमची एक विनंती आहे. संगणक वर्गाची मोठी फी भरण्याआधी मुलाला पेन्सिल, कागद आणि एक वर्षाची सवड द्या. सॉफ्टवेअर प्रवेशानंतरही शिकता येते. नजर मात्र रोजच्या मेहनतीनेच तयार होते.