पिस्टनचे घर्षण आणि स्ट्रिबेकचा वक्र

क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात पिस्टनचा वेग दोनदा शून्य होतो आणि त्याच टोकांना, म्हणजे मृतबिंदूंपाशी, पिस्टन रिंग व सिलिंडरची भिंत यांमधील तेलाचा थर इतका विरळ होतो की धातू धातूला भिडू शकतो; म्हणून घर्षणगुणांक स्थिर धरणारे कूलोंबचे सूत्र येथे तोकडे पडते. रिचर्ड स्ट्रिबेक यांनी १९०२ मध्ये बेअरिंगांवरील प्रयोगांतून दाखवले की वेग वाढताना घर्षण आधी घटते आणि किमान पातळी गाठल्यावर तेलाच्या श्यानतेमुळे, म्हणजे दाटपणामुळे, पुन्हा वाढते. या वक्राचा उतरता भाग खरा उपद्रवी: तेथे वेगाबरोबर विरोध घटत असल्याने घर्षण कंपन शमवण्याऐवजी त्यालाच ऊर्जा पुरवते, ज्याला गणिती प्रतिमानात ऋण अवमंदन म्हणतात. क्लच जोडताना गाडीला बसणारे हिसकेही बहुधा याच उतारामुळे निर्माण होतात.