अखेरच्या दिवसांची नोंद

अकोला-अमरावतीच्या व्यापारी घरांत दुकान, गोदाम आणि ठेवी यांची वाटणी बहुधा वेळेवर लिहून होते. बँकेत असताना वारसनोंदीचे असंख्य अर्ज माझ्या हातांखालून गेले. परंतु अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टरांनी ‘व्हेंटिलेटर लावायचा का?’ असे विचारले, की वडिलांची इच्छा मुलांना ठाऊक नसते.

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात १९९७ पासून मरणासन्न रुग्णास, त्याने मागितल्यास, डॉक्टर प्राणघातक औषध लिहून देऊ शकतात. ते घेणारे बहुसंख्य रुग्ण हॉस्पिसच्या, म्हणजे अंत्यकाळच्या शुश्रूषासेवेच्या, देखरेखीखाली असतात. वेदना शमविणाऱ्यांनी या कार्यात कितपत सहभागी व्हावे, हा तेथील डॉक्टर-परिचारिकांपुढचा धर्मसंकटाचा प्रश्न आहे.

भारतात असे औषध देणे गुन्हा आहे. मात्र निष्फळ उपचार थांबविण्यास मार्ग आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचा त्यास विरोध होता आणि त्या मताला न्यायालयाने वजन दिले. २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता मिळाली. २०२३ मध्ये कार्यपद्धती सुलभ झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते. पुढे रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसल्यास डॉक्टरांची दोन मंडळे तपासणी करून मत देतात.

आपल्या समाजात या विषयाची गल्लत सल्लेखनेशी होते. १९५५ मध्ये कुंथलगिरी येथे आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली, ती दृष्टी क्षीण होत असता, पूर्ण जाणिवेने, स्वतःच्या मुखाने. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा गुन्हा ठरविला; त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. व्रत ज्याचे त्यानेच घ्यावयाचे असते. बेशुद्ध वडिलांची नळी काढून त्यास संथारा म्हणणे योग्य नव्हे. आणि निष्फळ यंत्र नाकारले म्हणून मुलाने स्वतःस हिंसेचा दोषी मानणेही योग्य नव्हे.

या दोहोंमध्ये वेदनाशमनाचे डॉक्टर उभे असतात. मुंबईत १९८६ साली शांती आवेदना सदन हे देशातील पहिले हॉस्पिस सुरू झाले. २०१४ च्या कायदादुरुस्तीने मॉर्फिन मिळण्यातील अडचणी कमी केल्या. तरीही ‘मॉर्फिन म्हणजे शेवट’ या भीतीने कित्येक घरे ते नाकारतात. योग्य मात्रेतील मॉर्फिन मरण आणण्यासाठी नसते, वेदना कमी करण्यासाठी असते. स्वतःची वेदना समभावाने सोसणे हे तप असेल. परंतु आप्तांची वेदना उपाय असूनही पाहत राहणे ही अहिंसा नव्हे.

म्हणून या पर्युषणात क्षमायाचनेबरोबर घरातील वडीलधाऱ्यांना एक प्रश्न आदराने विचारावा: ‘बाबा, अखेरच्या दिवसांत तुम्हाला काय हवे, काय नको?’ उत्तर लिहून, सही घेऊन, दुकानाच्या कागदांसोबत जपून ठेवावे, आणि त्याची एक प्रत घरच्या डॉक्टरांनाही द्यावी.