दोन नंबरचा ठेका चुकतोय!

मुलांनो, समजा तुम्ही मामाच्या पेट्रोल गाडीतून जळगावहून धुळ्याला निघालात. एरंडोल गेलं, पारोळा मागे पडलं आणि गाडी एकदम गचके खायला लागली. चढावर जोर लागेना. उभी केली तर नुसती थरथर! समोर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवाही लागला. आपल्याकडचा मिस्त्री नुसता आवाज ऐकून सांगेल, "भाऊ, गाडी मिसिंग मारी राहिनी!"

हे मिसिंग म्हणजे काय बरं?

चार मुलं लेझीम खेळताहेत. प्रत्येकाने आपापल्या पाळीला ठेका धरायचा. एकानेही पाळी चुकवली की सगळा ताल बिघडतो, हो ना? इंजिनातही तसंच आहे. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल येतं, दट्ट्या ते दाबतो, प्लगची ठिणगी पडते, भडका उडतो आणि दट्ट्या जोरात खाली ढकलला जातो. बहुतेक चार सिलिंडरच्या इंजिनांत पाळी असते १, ३, ४, २ अशी. गाडी उभी असताना इंजिनचा मुख्य दांडा मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतो. दर दोन फेऱ्यांत प्रत्येकाची पाळी एकदा येते. करा बरं हिशेब! चौघांचे मिळून मिनिटाला १६०० भडके. त्यात दोन नंबरचा भडका उडालाच नाही, तर तो चुकार सिलिंडर शोधायचा कसा?

जुने मिस्त्री चालू इंजिनात प्लगची एकेक वायर काढून बघत. वायर काढल्यावर इंजिन आणखी मंदावलं, तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही, तर चोर सापडला! मला ही युक्ती फार आवडते. पण आताच्या पुष्कळ गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर वेगळी कॉइल असते आणि तिच्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. चालू इंजिनात तिथे हात घालायचा नाही. बिलकूल नाही!

आता हे काम गाडीतला छोटा संगणक करतो. इंजिनच्या दांड्याबरोबर दाते असलेलं एक चाक फिरतं. त्याच्याजवळचा सेन्सर दाते मोजत असतो. प्रत्येक भडक्याला दांडा किंचित वेग घेतो. एखादा भडका हुकला की तेवढ्या क्षणापुरता तो रेंगाळतो. त्या क्षणी पाळी कोणाची होती हे संगणकाला ठाऊक असतं. मग तो लिहून ठेवतो : पी ०३०२.

मिस्त्री स्टिअरिंगच्या खालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावतो आणि हा कोड वाचतो. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरचा विभाग. पुढचं शून्य सांगतं, की हा कोड सगळ्या कंपन्यांना सारखाच. ३ म्हणजे ठिणगी आणि मिसिंगची तक्रार. शेवटचे ०२ म्हणजे सिलिंडर नंबर दोन. पी ०३०० आला, तर मिसिंग एका जागी नाही, कुठेही होतंय. गाड्यांचा धूर कमी व्हावा म्हणून अमेरिकेने १९९६ पासून नव्या गाड्यांना ही पद्धत सक्तीची केली. आपल्याकडे ती भारत स्टेज ४ च्या नियमांबरोबर २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली.

आता खरी गंमत. मॉनिटरने वर्गात येऊन सांगितलं, "सर, दुसऱ्या बाकावर गडबड आहे." पण गडबड कोणी केली, कशासाठी केली, हे त्याने सांगितलं का? नाही! कोडचंही तसंच. दोन नंबरचा प्लग खराब असेल, कॉइल असेल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर तुंबला असेल किंवा वाल्व नीट बसत नसेल. कोड बघितला की लगेच नवी कॉइल आणणारे पुष्कळ असतात. पैसे जातात आणि गाडी पुन्हा तशीच थरथरते!

हुशार मिस्त्री काय करतो? इंजिन बंद करून थंड होऊ देतो. दोन नंबरची कॉइल तीनला लावतो, तीनची दोनला. जुना कोड पुसतो, गाडी चालवून बघतो. आता पी ०३०३ आला, तर दुखणं कॉइलबरोबर सरकलं. म्हणजे कॉइलच खराब! पुन्हा पी ०३०२ च आला, तर कॉइल निर्दोष. मग प्लगची अशीच अदलाबदल, पुढे इंजेक्टर, शेवटी सिलिंडरचा दाब. एक रुपयाही खर्च न करता अर्धा तपास होतो की नाही?

आणि हो, तो पिवळा दिवा नुसता लागलेला न राहता उघडझाप करत असेल, तर मामाला गाडी लगेच बाजूला घ्यायला सांगा. न जळलेलं पेट्रोल धुराच्या नळीत जाऊन तिथे जळतं आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो. तो भाग प्लगसारखा स्वस्त नसतो बरं!

गॅरेजमध्ये कोड पुसण्याआधी तो वहीत लिहून घ्या. आणि मिस्त्रीकाकांना विचारा, "काका, कॉइल बदलून बघितली का? कोड सरकला का?"