हायस्कुलातील तीन उपेक्षित तास

व्यापाऱ्याच्या घरी मुलांच्या शिक्षणाचा हिशेब बहुधा परीक्षेच्या गुणांनी मांडला जातो. गणित, शास्त्र व इंग्रजी हे विषय मुख्य. परकीय भाषा, आरोग्य आणि विशेष शिक्षण यांचे तास म्हणजे वेळापत्रकाची नुसती भरती, असा पुष्कळ पालकांचा समज असतो. हे तास चुकवून शिकवणीस जावे, असा सल्ला देणारेही आपल्यात आहेत. परंतु हायस्कुलात जाणाऱ्या मुलामुलींशी मोकळेपणाने बोलले, तर त्यांतील कित्येकांना हेच तास हवेसे वाटतात असे आढळते. याचे कारण समजून घेणे वडीलधाऱ्या मंडळींस अगत्याचे आहे.

माझ्या मते कारण साधे आहे. इतर विषयांचे फळ पुढे कधी तरी मिळावयाचे असते. या तीन तासांत मिळालेले ज्ञान मात्र मुलाच्या स्वतःच्या जिभेशी, शरीराशी आणि मनाशी निगडित असते व त्याची प्रचिती त्याच दिवशी येते.

प्रथम भाषेचा विचार करू. आमच्या बडोद्यातील मराठी मुलास घरी मराठी, पेढीवर गुजराती आणि शाळेत हिंदी व इंग्रजी अशा चार भाषा सहज भेटतात. मग पाचवी कशास, असा प्रश्न निघतो. पण घरची आणि बाजारातली भाषा कानावर पडून येते. ती आपण कशी शिकलो हे कोणासच सांगता येत नाही. फ्रेंच किंवा जर्मन भाषेचा पहिला धडा मूल जाणतेपणी गिरवते. त्या वर्गात पहिल्या क्रमांकाचा मुलगा आणि शेवटच्या बाकावरचा मुलगा एकाच रेषेवर उभे असतात. चुकले तर सारेच चुकतात, म्हणून कोणी लाजत नाही. शिवाय परभाषेच्या आरशात स्वभाषा दिसू लागते. मराठीप्रमाणे जर्मन भाषेतही तीन लिंगे आहेत, फ्रेंच भाषेत दोनच आहेत, हे कळताच मुलगा आपल्या व्याकरणाकडे नव्या कुतूहलाने पाहतो.

धान्याच्या व्यापारातही परभाषा दूर राहिलेली नाही. आपल्याकडे येणाऱ्या आयात तुरीचा मोठा भाग मोझांबिक देशातून येतो. त्या देशाशी भारत सरकारने २०१६ साली डाळींच्या आयातीचा करार केला. तेथील राजभाषा पोर्तुगीज आहे. माल कोठून येतो हे आपणांस ठाऊक असते, पण तो पिकविणाऱ्याशी दोन शब्द बोलता येत नाहीत. उद्याच्या पिढीला ते आले तर मधली कितीतरी अंधुकता नाहीशी होईल.

आपल्या समाजाने तर परभाषेचे ऋण मानले पाहिजे. हर्मन याकोबी या जर्मन पंडिताने प्राकृताचा अभ्यास करून १८७९ मध्ये कल्पसूत्राची संशोधित आवृत्ती काढली व १८८४ मध्ये आचारांग आणि कल्पसूत्र यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. वीरचंद राघवजी गांधी यांनी १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माची बाजू इंग्रजीतून मांडली. एक परका आपली भाषा शिकला, आपला एक बंधू परक्यांची भाषा शिकला, तेव्हा आपले तत्त्वज्ञान सातासमुद्रांपलीकडे पोहोचले.

आता आरोग्याचा तास. व्यायामाची परंपरा बडोद्यास नवी नाही; मराठी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड याच शहरातून निघाले. परंतु आरोग्य म्हणजे केवळ दंड-बैठका नव्हेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि त्याच वयाच्या मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळले. खाऊनपिऊन सुखी घरांतील मुलींसही हा विकार सुटलेला नाही. ‘आळशी झाली आहे’, ‘अभ्यासात लक्ष नाही’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात रक्तात लोह कमी असते. हे मुलीस प्रथम कळते ते बहुधा वर्गात. शाळांतून आठवड्यास एकदा लोह व फॉलिक आम्लाची गोळी देण्याची योजना आहे, ती कशासाठी हेही तेथेच उमजते. बाजरी, कडधान्ये व हिरव्या पालेभाज्या यांतील लोह अंगी लागावे म्हणून जेवणात लिंबू पिळावे, आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण तो लोहाच्या शोषणात अडथळा आणतो, एवढे ज्ञान घेऊन मुलगी घरी येते आणि त्याच सायंकाळी स्वयंपाकघरात बदल घडवू शकते. आपल्या आहारनियमांत राहून हे सारे साधते. ज्या गोष्टी विचारण्यास घरी संकोच वाटतो, त्यांची सरळ उत्तरे या तासाला मिळतात, हा लाभ तर मोलाचाच आहे.

तिसरा तास विशेष शिक्षणाचा. याविषयी आपल्यात सर्वांत अधिक गैरसमज आहेत. काही मुलांची बुद्धी तल्लख असते, पण अक्षर व ध्वनी यांची सांगड त्यांच्या मनात चटकन बसत नाही. वाचन अडखळते, ६२ च्या जागी २६ लिहिले जाते. अशा मुलास आपण ‘ढ’ म्हणून मोकळे होतो. हाच मुलगा मूठभर गहू तळहातावर घेऊन त्यातील ओल अचूक सांगतो, गिऱ्हाइकाचा चेहरा वर्षानुवर्षे विसरत नाही, हे आपण पाहतो. तरी त्याच्या बुद्धीवर विश्वास ठेवीत नाही. विशेष शिक्षक शब्दाचे तुकडे पाडून, अक्षर बोटाने गिरवून, वारंवार ऐकवून त्याला वाचावयास शिकवितो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात एकवीस झाले व त्यांत या अध्ययन-अक्षमतेचा स्पष्ट समावेश झाला. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी पात्र दिव्यांग परीक्षार्थीस लेखी परीक्षेत तासामागे किमान वीस मिनिटे अधिक देण्याचे ठरविले. ही दया नव्हे, हक्क आहे. मुलास हा तास प्रिय वाटतो, कारण आपण मठ्ठ नाही हे तेथे त्याला प्रथमच कोणी सांगते. सोबत्यांनाही लाभ होतो. दुसऱ्याच्या गतीने थांबून चालणे ते शिकतात.

अहिंसेचा अर्थ जीवहत्या न करणे एवढाच आपण घेत नाही; शब्दाने कोणाचे मन दुखवू नये हाही घेतो. मग घरातल्याच लेकराला ‘ढ’ म्हणताना तो अर्थ कोठे जातो?

यास्तव सभासद बंधुभगिनींस नम्र विनंती आहे. या तासांतून मुलांना काढू नये. आपल्या मुलाच्या शाळेत विशेष शिक्षक आहे काय, आरोग्याचा तास खरोखर होतो काय, याची चौकशी करावी. नसल्यास चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांस भेटावे. संघाच्या विद्यार्थी-गौरवात केवळ टक्केवारी न पाहता, अडखळत का होईना पण चिकाटीने पुढे आलेल्या एखाद्या मुलाचाही सत्कार व्हावा. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ते निवडक हुशार मुलांपुरते नव्हते. ते प्रत्येक मुलासाठी होते. आपल्या घरांतही तीच दृष्टी असावी.