मुक्कामाचा कर आणि गावाची पेटी

परगावचा पाहुणा एखाद्या गावी एका रात्रीपुरता उतरला, तरी तेथील पाणी, दिवाबत्ती, रस्ते आणि झाडलोट यांचा लाभ त्याला मिळतोच. घरपट्टी मात्र तो भरीत नाही. हा भार एकट्या रहिवाशांवर पडू नये, या न्यायातून मुक्कामावरील कर निघाला. परंतु कर किती, यापेक्षा तो कोणाच्या पेटीत पडतो आणि त्या पेटीची किल्ली कोणाकडे असते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय.

जर्मनीत या कराचे दोन प्रकार आढळतात. आरोग्यस्थाने म्हणून ख्यात असलेल्या गावी घेतला जाणारा ‘कुरटाक्स’ हा उद्याने, स्नानगृहे अशा पाहुण्यांच्या सोयींवरच खर्च करावयाचा असतो. दुसरा कर नगराच्या सर्वसाधारण तिजोरीत जमा होतो. हांबुर्ग, ब्रेमेन व फ्रायबुर्ग येथील या दुसऱ्या करास हॉटेलचालकांनी आव्हान दिले. तथापि २०२२ मध्ये तेथील घटना-न्यायालयाने तो वैध ठरविला.

ऑस्ट्रियातील टिरोल प्रांताने तिसरा मार्ग धरला. तेथे दर रात्री दर माणशी घेतलेला कर पर्यटन-मंडळाकडे जातो. पर्यटनापासून लाभ होणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकास, मग तो खानावळवाला असो वा दुकानदार, या मंडळाचे सभासद व्हावेच लागते व वर्गणीही द्यावी लागते. वर्गणीच्या मानाने सभासदांचे तीन गट पाडतात आणि प्रत्येक गट देखरेख-समितीवर सारखेच प्रतिनिधी निवडून देतो. त्यामुळे मोजक्या धनिकांना सारी समिती बळकाविता येत नाही, तसेच लहानांच्या संख्येपुढे मोठे अगदीच निष्प्रभही होत नाहीत. ज्याला पर्यटनापासून गर्दी व गोंगाट एवढेच मिळते, त्या सामान्य रहिवाशास मात्र येथे मत नाही. त्याची बाजू नगरपालिकेच्या प्रतिनिधीनेच मांडावयाची.

आता आपल्याकडे वळू. गोव्यात १९८८ च्या कायद्याने हॉटेलांतील निवासावर ऐषआराम कर बसला. तो राज्याच्या तिजोरीत जाई. पुढे १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतून ऐषआरामावरील कर वगळला. पंचायती व नगरपालिका यांच्यासाठी करमणुकीवरील कर तेवढा त्या नोंदीत उरला. १ जुलै २०१७ पासून खोलीच्या भाड्यावर वस्तू व सेवा कर लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर त्याचा दर ५ टक्के आहे. ही रक्कम केंद्र व राज्य यांत विभागली जाते. ज्या गावात पाहुणा झोपला, त्या गावाचा वाटा या कायद्याने राखून ठेवलेला नाही. कचरा मात्र गावातच राहतो.

माथेरानला नगरपालिका दस्तुरी नाक्यावर प्रवासी कर घेते, ही याहून बरी तऱ्हा. पैसा गावातच पडतो. पण हा कर प्रवेशावर आहे, मुक्कामावर नव्हे; सकाळी येऊन सायंकाळी परतणारा आणि आठवडाभर राहणारा, दोघेही त्याला सारखेच.

तात्पर्य, मुक्कामाच्या कराची पारख त्याच्या टक्केवारीवरून करू नये. पैसा गावी परततो काय, त्याचा जमाखर्च ग्रामसभेत वा पालिकेच्या सभेत उघडपणे वाचला जातो काय, आणि ज्यांच्या अंगणातून पाहुणे जातात त्यांना त्यावर बोलण्याचा अधिकार आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे होकारार्थी असतील, तर पाहुण्यालाही तो कर जड वाटणार नाही.