तबकडीचे शिष्य

श्रोतेहो, आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ज्या व्यासपीठावर संतवाङ्मय, अर्थकारण आणि राज्यघटना यांची चर्चा व्हावयाची, तेथे रॉक संगीताचे काय काम, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदीच गैर म्हणता येणार नाही. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरात एक खोली अशी आहे, की जिचे दार सायंकाळी बंद होते आणि आतून गिटारचा आवाज येऊ लागतो. दाराबाहेर बसलेल्या वडिलांना तो निव्वळ गोंगाट वाटतो आणि आतल्या मुलाला वाटते, की बाहेरच्यांना काही कळत नाही. हे दार थोडे किलकिले करावे, एवढाच माझा आजचा हेतू आहे. त्यासाठी मी एका तरुण वादकाच्या आवडत्या तबकड्यांची हकीकत सांगणार आहे. कलावंतावर पडणारा प्रभाव म्हणजे नेमके काय आणि अनुकरण संपून स्वतःचे कोठे सुरू होते, हा तिच्यातला खरा प्रश्न आहे.

स्थळ, इंग्लंडमधील केंट परगण्यातले डार्टफर्ड गावाचे रेल्वे स्टेशन. काळ, १९६१ सालचा ऑक्टोबर. सतरा वर्षांचा कीथ रिचर्ड्स सिडकपच्या कलाशाळेत निघाला होता. फलाटावर त्याला मिक जॅगर भेटला. दोघे एकाच प्राथमिक शाळेत होते, पुढे ताटातूट झाली होती. मिक लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होता. पण कीथचे लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे नव्हते, त्याच्या काखेतल्या तबकड्यांकडे होते. एक चक बेरीची ‘रॉकिन ॲट द हॉप्स’ आणि दुसरी ‘द बेस्ट ऑफ मडी वॉटर्स’. इंग्लंडच्या दुकानांत असा माल सहसा मिळत नसे. मिक तो थेट शिकागोच्या चेस कंपनीकडून टपालाने मागवीत असे. त्या प्रवासात जी मैत्री झाली, तिच्यातून पुढल्याच वर्षी ‘रोलिंग स्टोन्स’ हा बँड उभा राहिला.

या दोन तबकड्यांत असे काय होते? ते समजण्यासाठी प्रथम ब्लूज म्हणजे काय हे पाहावे लागेल. ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचे गाणे. त्याचा सर्वांत रूढ साचा बारा खंडांचा आहे. प्रत्येक खंडात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन झाले. पहिली ओळ म्हणावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यावयाचे. त्यातले गंधार आणि निषाद शुद्ध व कोमल यांच्या मधोमध कोठेतरी डोलत राहतात. श्रुतींचा विचार ज्यांच्या कानांवरून गेला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. काही वादक बाटलीचा गळा किंवा धातूची नळी बोटात घालून ती तारेवरून सरकवतात. मग गिटारमधूनही मींडेसारखा स्वर निघतो.

मडी वॉटर्स हा या परंपरेतला मोठा माणूस. त्याचे खरे नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. मिसिसिपी राज्यातील स्टोव्हल मळ्यावर तो राबत असता १९४१ साली ॲलन लोमॅक्स हे लोकगीतांचे संग्राहक अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयासाठी ध्वनिमुद्रण करीत तेथे पोहोचले. त्यांच्या यंत्रातून मडीने आपले गाणे तबकडीवर परत ऐकले आणि आपण खरोखर गाऊ शकतो, असा विश्वास त्याला वाटला. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसे अशीच दक्षिण सोडून इतरत्र गेली. शिकागोच्या गजबजलेल्या दारूगुत्त्यांत साध्या गिटारचा आवाज पोहोचेना, म्हणून मडीने विजेवर चालणारी गिटार हाती घेतली. आज ज्याला आपण रॉकचा गोंगाट म्हणतो, त्याचे एक मूळ हे आहे. गर्दीत आपले म्हणणे ऐकू जावे, ही ती गरज.

दुसऱ्या तबकडीचा धनी चक बेरी. हा सेंट लुइसचा. १९५५ साली तो शिकागोला आला, तेव्हा चेस कंपनीचा रस्ता त्याला मडी वॉटर्सनेच दाखविला. म्हणजे मिकच्या काखेतल्या त्या दोन तबकड्या एकाच घरच्या होत्या! एका तबकडीत मळ्यावरचे दुःख, दुसरीत मोटारी, शाळा आणि तारुण्य यांची चपळ, हसरी गाणी. परंतु खाली साचा बहुधा तोच, बारा खंडांचा.

आता हे मुलगे शिकले कसे, ते पाहू. कीथला गिटारची गोडी आजोबांनी लावली आणि पहिली गिटार आईने घेऊन दिली. त्यापलीकडे गुरू कोणी नव्हता. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून भीमसेन जोशी १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडून गुरूच्या शोधात निघाले, ही हकीकत आपणांस ठाऊकच आहे. तेथे तबकडीने गुरूच्या दारापर्यंत नेले. पुढे सवाई गंधर्वांची तालीम मिळाली. डार्टफर्डच्या मुलांना गुरूचे दार अटलांटिक महासागरापलीकडे होते. तेव्हा एकलव्याने मातीचा पुतळा केला, तसा यांनी तबकडीलाच गुरू केले.

१९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कीथ, मिक आणि ब्रायन जोन्स हे तिघे लंडनच्या एडिथ ग्रोव्ह रस्त्यावरच्या एका गलिच्छ खोल्यांत राहत होते. खाण्याचे वांधे होते, पण कीथ आणि ब्रायन दिवसचे दिवस जिमी रीडच्या तबकड्या लावून बसत. सुई उचलावयाची, चार अंगुळे मागे ठेवावयाची, तोच तुकडा पुन्हा ऐकावयाचा. रीडचे वादन ऐकावयास सोपे वाटते. पण एका ठिकाणी तो असा काही स्वरसमूह वाजवी, की यांना तो हातात सापडेना. अनेक दिवसांनी दुसऱ्या एका वादकाने कीथला ती युक्ती दाखविली, तेव्हा उलगडा झाला, की जेथे सगळे वादक अवघड पकड घेतात तेथे रीड ती घेतच नसे. एक तार मोकळी वाजत ठेवून दुसरीवर फक्त एक बोट सरकवी! कीथने आपल्या आत्मचरित्रात हे कौतुकाने सांगितले आहे.

तिसरी तबकडी रॉबर्ट जॉन्सनची. हा मिसिसिपीचा वादक १९३८ साली अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी वारला. १९३६ आणि १९३७ मध्ये त्याची एकूण २९ गाणी मुद्रित झाली होती. त्यांपैकी सोळा १९६१ साली एका तबकडीवर आली. ब्रायनने ती कीथला ऐकविली. कीथने विचारले, हा दुसरा गिटारवाला कोण? दुसरा कोणी नव्हताच. एकच माणूस खर्जातील ठेका आणि वरची सुरावट एका वेळी वाजवीत होता. त्या क्षणी कीथला आपले अज्ञान किती मोठे आहे हे कळले. खऱ्या प्रभावाची ही खूण समजावी. तो प्रथम माणसाला लहान करतो, मग हळूहळू वाढवितो.

बँडचे नाव ‘रोलिंग स्टोन्स’ हेही मडी वॉटर्सच्या एका गाण्यावरून घेतलेले. जून १९६३ मध्ये त्यांची पहिली तबकडी निघाली. एका बाजूस चक बेरीचे गाणे, दुसऱ्या बाजूस मडी वॉटर्सने गाइलेले विली डिक्सनचे गाणे. फलाटावरच्या दोन तबकड्या जणू एकीच्या दोन बाजू होऊन बाहेर आल्या. येथपर्यंत ते अनुकरणच होते, आणि ते लपविण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

मग स्वतःचे कोठे आले? १९६५ सालचे ‘सॅटिस्फॅक्शन’ हे मिक आणि कीथ यांचे गाणे. त्याची सुरुवातीची सुरावट कीथला झोपेत सुचली. विशेष असे, की त्याच वर्षी ओटिस रेडिंग या कृष्णवर्णीय अमेरिकन गायकाने ते आपल्या पद्धतीने गाइले. उसने घेतलेले धन शिष्यांनी वाढवून परत केले, ते असे. पुढे १९६८ च्या सुमारास कीथने जुन्या वादकांची तार जुळविण्याची पद्धत उचलली. गिटारची सर्वांत जाड तार काढून टाकून उरलेल्या पाच तारा त्याने सा, प, सा, ग, प अशा लावल्या. तंबोऱ्याशी सलगी सांगणाऱ्या या जुळणीतून ‘हाँकी टाँक विमेन’सारखी गाणी निघाली. साधन जुने, पण त्यातून जे आले ते मिसिसिपीचेही नव्हते आणि शिकागोचेही नव्हते.

येथे एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. या व्यवहारात गोऱ्या मुलांना अमाप पैसा मिळाला. ज्यांची गाणी होती त्या वृद्धांना त्या मानाने फारच थोडा. विली डिक्सनला लेड झेपलिन या दुसऱ्या इंग्रजी बँडविरुद्ध एका गाण्याबद्दल १९८५ साली न्यायालयात जावे लागले. १९८७ मध्ये तडजोड झाली. म्हणून प्रभाव आणि चोरी यांतली रेषा सुरांत शोधू नये, कृतज्ञतेत शोधावी. ज्याने घेतले त्याने नाव सांगितले काय, आणि देणे दिले काय? या बाबतीत रोलिंग स्टोन्स पुरते निर्दोष होते, असे मी म्हणत नाही. परंतु १९६५ साली अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या ‘शिंडिग’ कार्यक्रमात त्यांनी हाउलिन वुल्फ या थोर ब्लूज गायकाला आणविले आणि स्वतः त्याच्या पायांशी बसून ऐकले. अमेरिकेतल्या लाखो गोऱ्या घरांना आपल्याच देशाच्या या गायकाची ओळख परदेशी मुलांनी करून दिली.

आता आपल्या घरातल्या त्या बंद खोलीकडे वळू. आजच्या मुलाला शिकागोहून टपालाची वाट पाहावी लागत नाही. जगातले सारे संगीत त्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. ही सोय मोठी आहे, पण तिच्यात एक धोका आहे. एक तबकडी महिनाभर पुरवावी लागे, तेव्हा कान तिच्या तळाशी जात; हजार गाणी हाताशी असली, की बोट पुढच्या गाण्याकडे धावते. म्हणून वडीलधाऱ्यांना माझी विनंती अशी, की मुलाला ‘हे बंद कर’ म्हणू नका. ‘तुझा आवडता वादक कोण?’ असे विचारा, आणि त्याने नाव सांगितले, की पुढला प्रश्न करा, ‘त्याने कोणाला ऐकले होते?’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलेला मुलगा वाया जात नाही. तो परंपरेच्या वाटेला लागला असे समजावे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये रोलिंग स्टोन्सचा ‘हॅकनी डायमंड्स’ हा संग्रह निघाला. मिक आणि कीथ तेव्हा ऐंशीच्या घरात होते. त्या संग्रहाचे शेवटचे गाणे त्यांचे स्वतःचे नाही. ते मडी वॉटर्सचे, ज्यावरून बँडचे नाव ठेवले तेच. बाकी वाद्यवृंद बाजूला ठेवून फक्त हे दोघे ते गातात आणि वाजवितात. डार्टफर्डच्या फलाटावरील भेटीला तेव्हा बासष्ट वर्षे झाली होती. गुरूचे नाव घेऊन सुरू केलेली मैफल गुरूच्याच गाण्याशी आणून ठेवावी, हे शिष्यांना शोभणारे आहे. आपल्याकडच्या बुजुर्ग गवयांनाही ते सहज कळले असते.