सरकलेला मेंदू जागेवर आणताना

एमआरआयच्या काही चित्रांत कपाळामागचा मेंदू ओढून ताणल्यासारखा दिसतो. मेंदू धडधाकट असतो. यंत्राने त्याचा पत्ता चुकीचा लिहिलेला असतो.

शरीरातल्या पाण्यातले प्रोटॉन चुंबकीय क्षेत्रात भोवऱ्यासारखे डुलतात. १ टेस्लाला सेकंदाला ४.२६ कोटी वेळा, ३ टेस्लाला सुमारे १२.८ कोटी वेळा. यंत्र क्षेत्राला मुद्दाम उतार देतं, म्हणजे जागेप्रमाणे डुलण्याचा वेग बदलतो आणि वेगावरून जागा कळते. हा उतार वगळता क्षेत्र सगळीकडे सारखंच आहे, असं त्यात गृहीत धरलेलं असतं.

डोकं आत गेलं की हे गृहीतक मोडतं. सायनसमध्ये आणि कानाच्या आत हवा असते. हवेचा आणि ऊतींचा चुंबकीय गुणधर्म वेगळा, त्यामुळे त्यांच्या सीमेवर क्षेत्र बिघडतं. दहा लाखांत एक भाग एवढाच फरक पडला, तरी ३ टेस्लाला तो १२८ हर्ट्झ होतो.

साध्या स्कॅनमध्ये एवढी चूक बहुधा खपून जाते. पीटर मॅन्सफिल्ड यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या एको-प्लॅनर पद्धतीत मात्र नाही. ती अख्खा छेद एका दमात टिपते. समजा १०० ओळी आहेत आणि दर ओळीला अर्धा मिलिसेकंद लागतो. मग एका दिशेने प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला जेमतेम २० हर्ट्झ येतात. तिथे १२८ हर्ट्झची चूक म्हणजे सहाहून अधिक पिक्सेल. २ मिलिमीटरचा पिक्सेल धरला तर जवळजवळ १.३ सेंटीमीटर. शस्त्रक्रियेची आखणी अशा चित्रावर करायची असेल, तर हे अंतर फार मोठं आहे.

म्हणून रुग्ण आत असतानाच, जादा कॉइलमधून प्रवाह सोडून क्षेत्र शक्य तितकं सपाट करतात. याला शिमिंग म्हणतात. पण सायनसजवळचा बारीक खळगा त्याने भरत नाही, तो मोजावा लागतो. थोड्या अंतराने प्रोटॉनच्या संकेताचे दोन प्रतिध्वनी घेतात. अडीच मिलिसेकंदांत डुलण्याचा काटा अपेक्षेपेक्षा पाव फेरा पुढे गेला असेल, तर तिथे १०० हर्ट्झचा फरक आहे. असा जागोजागचा फरक मिळून क्षेत्राचा नकाशा होतो. या नकाशावरून प्रत्येक पिक्सेल मागे सरकवतात. काट्याने पूर्ण फेरा मारला असेल तर मात्र तो आधी ओळखावा लागतो, नाहीतर नकाशाच फसवतो.

मला दुसरी वाट अधिक आवडते. २००३ मध्ये अँडरसन, स्कारे आणि अॅशबर्नर यांनी ती दाखवली. तेच चित्र ओळी वाचण्याची दिशा उलटवून पुन्हा घ्यायचं. पहिल्यात पुढे ढकललेला बिंदू दुसऱ्यात तितकाच मागे जातो. एकात ताणून फिकट झालेला भाग दुसऱ्यात दाटून उजळ होतो. कोणतं क्षेत्र धरलं की दोन्ही चित्रं जुळतात, हे संगणक शोधतो. यासाठी लागणारा जादा स्कॅन मिनिटाभराहून कमी वेळात होतो.

एका ठिकाणी मात्र हे सगळं थांबतं. एकाच पिक्सेलमधले प्रोटॉन आपसात बेताल झाले, तर तिथला संकेतच विझतो आणि काळा डाग उरतो. तो नंतर भरून निघत नाही. त्यासाठी स्कॅन घेतानाच छेद पातळ ठेवावे लागतात, किंवा बेताल प्रोटॉनना पुन्हा तालात आणणारी स्पिन एको पद्धत वापरावी लागते.